उपासनेपूर्वी तार जुळवा

स्तोत्र ३३:३ मध्ये वाद्य कसे वाजवावे हे सांगणाऱ्या इब्री क्रियापदाचा अर्थ ‘चांगले करणे’ असा आहे. त्याचा आरंभ तार सुरात लावण्यापासून होतो.

पेडल ट्यूनर गिटार व अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडतात; म्हणून पिकअप नसलेल्या गिटारीस तो निरुपयोगी आहे. पायाने दाबताच बहुतेक पेडल पुढचा आवाज बंद करतात. प्रार्थना चालू असता तार लावली, तरी मंडळीचे चित्त विचलित होत नाही. विकत घेताना ही सोय प्रथम पाहावी.

दुसरे, बेससाठी खर्जाची पारख हवी. चार तारांच्या बेसची जाड ‘ई’ तार सुमारे ४१ हर्ट्झची, तर पाच तारांच्या बेसची ‘बी’ सुमारे ३१ हर्ट्झची असते.

तिसरे, आधारस्वर बदलता यावा. ‘ए’ म्हणजे ४४० हर्ट्झ हे प्रमाण खरे. परंतु मंदिरातील जुनी पेटी चढी वा उतरी असू शकते. तिचे सूर आयत्या वेळी बदलत नाहीत. तेव्हा गिटारनेच जुळवून घ्यावे.

बंधुभगिनींनो, एकट्याने अचूक असणे पुरेसे नाही. उपासनेत परस्परांशी जुळणे अगत्याचे आहे.