एंटर कुठे दाबायचा?

या अंकाची मराठी पाने टाइप करून लावण्याचे काम माझ्याकडे होते. मराठी येणारे कॅडेट आपल्याकडे मोजकेच, त्यामुळे चूक करणारा मी आणि ती शोधणाराही मीच. त्यातली एक चूक सांगतो. तिच्यातून शिकलेले प्रोजेक्ट फाइल, हाऊस रिपोर्ट किंवा घरचे पत्र लिहिताना सर्वांनाच उपयोगी पडेल.

सातवीतल्या एका कॅडेटने १९७१ च्या युद्धात लढलेल्या आपल्या आजोबांवर लेख दिला होता. दीड पान मजकूर, पण सगळा सलग. परिच्छेद एकही नाही, पूर्णविराम क्वचितच. मी तो टाइप केला आणि डोळ्यांना बरे दिसेल तिथे तोडत गेलो. त्यात एक ओळ होती : ‘आजोबा परत आले नाहीत आले ते त्यांचे दोन मित्र’. मी ‘नाहीत’च्या पुढे पूर्णविराम देऊन एंटर दाबला.

प्रूफ वाचून तो मुलगा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “दादा, माझे आजोबा घरी आहेत. रविवारीच मी त्यांच्याशी फोनवर बोललो.”

तोडायचे होते ‘आले’च्या पुढे. परत आले नव्हते ते त्यांचे दोन मित्र. मी एकही शब्द बदलला नव्हता, तरी जिवंत माणसाला मारले होते आणि युद्धात गेलेल्या दोघांना घरी आणले होते.

पूर्वी मोडी लिपीत असेच सलग लिहीत. आधी आडवी रेघ ओढायची, तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हेही नाहीत. वाचणारा अर्थ लावत लावत शब्द सुटे करतो. म्हणून पहिला नियम असा : सलग मजकूर आधी शेवटपर्यंत वाचा, मग तोडा. शंका आली तर लिहिणाऱ्याला विचारा.

दुसरा नियम ड्रिलच्या मैदानावरचा आहे. ‘थम’ ऐकले की स्क्वाड थांबते. मैदानाची कड आली म्हणून ते थांबत नाही, वळून पुढे चालते. ओळीचेही तसेच. विचार संपला तर एंटर, म्हणजे ‘थम’. केवळ कागदाची कड आली असेल तर काही दाबू नका, वर्ड स्वतःच खालच्या ओळीवर वळते. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबलात, तर अक्षराचा किंवा कागदाचा आकार बदलताच अर्ध्या ओळी उघड्या पडतात.

आता प्रत्यक्ष कृती :

१. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा. लपलेल्या खुणा दिसू लागतात. उलट्या ‘पी’सारखी खूण म्हणजे एंटर, अर्थात परिच्छेदाचा शेवट. वाकडा बाण म्हणजे शिफ्ट-एंटर : ओळ बदलली, पण परिच्छेद तोच राहिला. कवितेच्या कडव्यातल्या ओळींसाठी आणि पत्त्यासाठी शिफ्ट-एंटर वापरा.

२. दुसरीकडून कॉपी केलेल्या मजकुरात पुष्कळदा प्रत्येक ओळीला एंटर असतो. तो हाताने काढत बसू नका. ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडा आणि ‘स्पेशल’मधून ‘पॅराग्राफ मार्क’ घ्या. दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल तर आधी लागोपाठच्या दोन खुणांच्या जागी ### घाला. मग उरलेल्या एकेका खुणेच्या जागी एक स्पेस. शेवटी ### च्या जागी पुन्हा खूण. पहिली पायरी विसरलात तर सगळा लेख एकच परिच्छेद होतो. माझा एकदा झाला. कंट्रोल आणि झेड दाबून वाचलो.

३. काही जोड्या तोडायच्या नसतात. ‘रोल नं.’ एका ओळीत आणि ‘४७’ खालच्या ओळीत गेला, की तो आकडा कोणाचा ते कळत नाही. ‘१५ ऑगस्ट’, ‘५ किमी’ यांचेही तसेच. अशा ठिकाणी साध्या स्पेसऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार दाबा. दोन्ही भाग एकत्रच राहतात.

४. वेबसाइटचा लांब पत्ता ओळीत मावत नाही. मग तो पूर्ण खाली जातो आणि दोन्ही कडा सरळ ठेवलेल्या असतील तर वरच्या ओळीतले शब्द फाकतात. तिथे हायफन घालू नका, वाचणारा तोही पत्त्यात टाइप करेल. ‘इन्सर्ट’मधल्या ‘सिम्बॉल’च्या यादीतून ‘नो-विड्थ ऑप्शनल ब्रेक’ घ्या आणि तिरप्या रेघेनंतर ठेवा. गरज पडली तरच ओळ तिथे तुटते आणि कागदावर काहीही उमटत नाही.

या चारही गोष्टी मला अर्ध्या प्रेपमध्ये आल्या. पहिला नियम मात्र कोणत्याही बटणात नाही. अर्थ कुठे संपतो हे संगणकाला माहीत नसते.

त्या कॅडेटचा लेख याच विभागात आहे. त्यात ‘आले’च्या पुढे पूर्णविराम आहे. तो मी त्याला शेजारी बसवून दिला.