लिंबुवर्गीय फळांतील फ्लेव्हॉनॉइडे आणि स्नायूंचे आरोग्य

संत्रे सोलताना सालीखालचा पांढरा, कापसासारखा थर आणि फोडींवरील शिरा आपण काढून टाकतो. फळाचे सत्त्व रसात असते आणि साल हे केवळ वेष्टन असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु १८२८ मध्ये लब्रतों या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने याच पांढऱ्या थरातून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. ग्रीक पुराणकथांत सोनेरी फळांच्या बागेची राखण करणाऱ्या अप्सरांवरून त्याला ‘हेस्पेरिडिन’ हे नाव मिळाले. पुढे ग्रेपफ्रूटला कडूपणा देणारा ‘नॅरिंजिन’ हा पदार्थ सापडला. त्याचे नाव संस्कृतमधील ‘नारंग’ या शब्दावरून पडले आहे.

हे दोन्ही पदार्थ ‘फ्लेव्हॉनॉइड’ या विस्तृत वर्गात मोडतात. कार्बन अणूंची दोन वलये आणि त्यांना जोडणारा तीन कार्बन अणूंचा दुवा, अशी या वर्गातील रेणूंची मूळ घडण असते. हेस्पेरिडिन व नॅरिंजिन यांच्या रेणूला शर्करेची जोड असते. त्यामुळे लहान आतड्यात त्यांचे शोषण फारसे होत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू ही शर्करा तोडून अलग करतात आणि मगच उरलेला भाग रक्तात उतरतो. हे जीवाणू प्रत्येकाच्या शरीरात सारखे नसतात. म्हणूनच एकच फळ दोघांनी खाल्ले, तरी दोघांच्या रक्तात या पदार्थांचे प्रमाण सारखे आढळत नाही.

या पदार्थांच्या अभ्यासाचा इतिहास उद्बोधक आहे. क जीवनसत्त्वावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३६ मध्ये रुस्न्याक यांच्या सहकार्याने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. केशवाहिन्या नाजूक होऊन त्वचेखाली रक्तस्राव होणाऱ्या काही रुग्णांना शुद्ध क जीवनसत्त्वाने गुण येत नव्हता, पण लिंबाच्या अर्काने येत होता. अर्कातील या घटकाला त्यांनी ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले. मात्र जीवनसत्त्वाची कसोटी अशी, की त्याच्या अभावी निश्चित स्वरूपाचा रोग उद्भवला पाहिजे. फ्लेव्हॉनॉइडे या कसोटीस उतरली नाहीत. १९५० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या समितीने हे नाव सोडून द्यावे, अशी शिफारस केली. मोठ्या अपेक्षेने दिलेले नाव अवघ्या चौदा वर्षांत मागे घ्यावे लागले.

एकविसाव्या शतकात या पदार्थांकडे पुन्हा लक्ष वळले, ते स्नायू आणि चयापचय यांच्या संदर्भात. स्नायू हे केवळ हालचालीचे साधन नाही. जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा मोठा वाटा इन्शुलिनच्या प्रभावाखाली स्नायूच उचलतात. ते इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले, की रक्तातील साखर वाढू लागते. वाढत्या वयात स्नायूंचे वस्तुमान घटते. त्यांच्या पेशींतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे असलेल्या तंतुकणिकाही मंदावतात. वार्धक्यातील दुर्बलता आणि मधुमेह यांचा परस्परसंबंध काही अंशी येथे आहे.

संत्र्याच्या जातीच्या काही फळांच्या सालीत ‘नोबिलेटिन’ नावाचे फ्लेव्हॉनॉइड असते. शरीरातील दिवस-रात्रीचे चक्र सांभाळणाऱ्या यंत्रणेला ते बळकटी देते, असे अमेरिकेतील संशोधनात दिसून आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मेदयुक्त आहारावर वाढवलेल्या उंदरांना नोबिलेटिन दिले असता त्यांचे वजन कमी वाढले आणि ग्लुकोजचे नियंत्रण सुधारले. ज्यांची ही यंत्रणा बिघडलेली होती, त्या उंदरांत मात्र हा लाभ बव्हंशी दिसला नाही. २०१९ च्या अभ्यासात वृद्ध उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांचे श्वसन नोबिलेटिनमुळे सुधारलेले आढळले. त्याआधी २००९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी नॅरिंजिनपासून मिळणाऱ्या ‘नॅरिंजेनिन’चा चयापचयावरील अनुकूल परिणाम दाखवला होता. तोही उंदरांतच.

येथे विवेक राखणे आवश्यक आहे. प्रयोगातील उंदरांना दिलेली मात्रा माणसाला फळांतून मिळणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक असते. माणसांवरील पुरावा तुलनेने मर्यादित आहे. फ्रान्समधील एका अभ्यासात ५० ते ६५ वर्षे वयाच्या, वजन काहीसे अधिक असलेल्या २४ निरोगी पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस देण्यात आला. दुसऱ्या चार आठवड्यांत रसाऐवजी तेवढेच, म्हणजे २९२ मिलिग्रॅम, हेस्पेरिडिन असलेले पेय दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही वेळी रक्तदाबाचा खालचा आकडा घटला. हा परिणाम रक्तवाहिन्यांवरील होता. त्यावरून स्नायूंचे बळ वाढते, असे अनुमान काढता येत नाही.

याला एक दुसरी बाजूही आहे. १९८९ मध्ये कॅनडातील संशोधकांना असे आढळले, की ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतलेल्या रक्तदाबावरील एका औषधाचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे वाढते. प्रारंभी नॅरिंजिनवर संशय गेला. पुढे खरे कारण निघाले ते त्याच फळातील फ्युरॅनोकुमरिन हे वेगळ्या वर्गातील पदार्थ. आतड्यात औषधाचे विघटन करणाऱ्या एका एंझाइमाला ते निष्प्रभ करतात आणि हा परिणाम एका दिवसाहून अधिक टिकू शकतो. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही औषधांच्या बाबतीतही असेच घडते. फ्युरॅनोकुमरिने पपनसातही असतात. म्हणून नियमित औषधे घेणाऱ्यांनी ही फळे नित्य आहारात घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते.

तात्पर्य, लिंबुवर्गीय फळे आहारात असावीत आणि ती शक्यतो रस काढून न घेता फोडींवरील पापुद्र्यासह खावीत, एवढे निःशंकपणे सांगता येते. स्नायूंचे बळ टिकवण्याचे भरवशाचे उपाय मात्र व्यायाम आणि पुरेशी प्रथिने हेच आहेत. सालीतील अर्काच्या गोळ्या त्यांची जागा घेऊ शकतील, असे म्हणण्यास आज आधार नाही. उंदरांच्या स्नायूंत दिसलेला लाभ माणसाच्या स्नायूंत, आणि तोही सोसवेल अशा मात्रेत, दिसतो काय, याचे उत्तर दीर्घ मुदतीच्या व पुरेशा मोठ्या चाचण्यांतूनच मिळेल. ते मिळेपर्यंत ‘पी जीवनसत्त्वा’ची कथा स्मरणात ठेवणे हिताचे आहे.