वही सुधारू नका

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मँचेस्टर गावाजवळच्या शेतावर वाढलेली सारा गिलेस्पी १८७७ साली अकरा वर्षांची असताना रोजनिशी लिहीत होती आणि पुढे आयुष्यभर लिहीत राहिली. शाळा, घरकाम, हवा कशी होती, असलंच सगळं. तिची आई एमिली हिचीही १८५८ ते १८८८ अशी तीस वर्षांची रोजनिशी आहे. साराने दोघींच्या वह्या सांभाळून आयोवाच्या राज्य इतिहास संस्थेकडे सोपवल्या, म्हणून आईची रोजनिशी १९८९ मध्ये आणि लेकीची १९९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. आईच्या पुस्तकाच्या नावातसुद्धा तिची स्पेलिंगची चूक तशीच ठेवली आहे. अशा छापील रोजनिशा वाचत आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: घरात पणजीची वही सापडली तर ती सुधारू नका. वारसांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होतं ते वही नीटनेटकी करण्याच्या हौसेपायी.

ही हौस पहिल्यांदा ‘रोज तेच तेच’ लिहिलेल्या नोंदींवर घाला घालते. मेन राज्यातल्या मार्था बॅलार्ड या सुईणीच्या १७८५ ते १८१२ या काळातल्या रोजनिशीचं हेच झालं. एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक इतिहासकाराला तिच्या बहुतेक नोंदी सामान्य वाचकाच्या कामाच्या वाटल्या नाहीत. पुढे इतिहासकार लॉरेल थॅचर अल्‌रिक यांनी त्याच नोंदी एकेक करून जुळवल्या. त्यांतून ८१६ बाळंतपणं मोजता आली, शेजारणींची देवघेव आणि घरातल्या मुलींचं विणकाम दिसलं, आणि १९९० च्या त्यांच्या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. एखादीच नोंद वाचली तर हाती काही लागत नाही. पण ‘आज धुणं धुतलं’ हे वर्षभर आलं, की आठवड्याचा कोणता दिवस त्यात जाई, कोण मदतीला असे, आजारपणात काय थांबे, हे सगळं कळतं. त्यातल्या ‘चांगल्या’ दहा नोंदी निवडल्या की हा हिशेब कायमचा जातो.

सगळं छापलं तर वाचणार कोण, असं कुणी म्हणेल. निवडक भाग जरूर काढावा, फक्त मूळ वही अखंड राहू द्यावी. खाजगीपणाचा आक्षेप मात्र याहून वजनदार आहे. वयात येणाऱ्या मुलीने जे कुणालाच सांगितलं नाही ते चव्हाट्यावर आणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? साराने स्वतः निर्णय घेतला होता, प्रत्येकीला ती संधी मिळत नाही. तरीही पान फाडणं हा उपाय नव्हे. अ‍ॅन फ्रँकच्या वडिलांनी तिच्या रोजनिशीच्या १९४७ च्या पहिल्या आवृत्तीतून काही मजकूर वगळला, पण हस्तलिखितं नष्ट केली नाहीत. त्यामुळेच १९८६ मध्ये डच संशोधकांना ती मुळाबरहुकूम छापता आली. नको वाटतं ते आज झाकून ठेवावं, आणि हयात माणसांची नावं प्रसिद्ध करण्याआधी त्यांना विचारावं.

काम सुरू करताना आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानं आणि मलपृष्ठही सोडू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पावसाळ्यात वही दमट भिंतीपासून लांब, सुती कापडात ठेवा. उतरवून घेताना शुद्धलेखन जसंच्या तसं ठेवा, न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहा, आणि आत सापडलेली पावती, वाळकं पान किंवा चिठ्ठी कोणत्या पानात होती ते टिपून ठेवा.