साहेबांच्या पानावर जाण्याआधी

मराठी विकिपीडियावर कुणी नवं माणूस येतं आणि राजकारणात रस आहे म्हणतं, तेव्हा मला बरंही वाटतं आणि धास्तीही. बरं अशासाठी, की १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या कोशाला लिहित्या हातांची कायमच टंचाई, आणि राजकारणाचा नाद असलेल्यांना मतदारसंघ, पक्षांतरं, कुणाची सोयरीक कुणाकडे, हे सगळं तोंडपाठ असतं. धास्ती अशासाठी, की हे माणूस धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, चार ओळी गिरवेल आणि त्याच संध्याकाळी थेट मुख्यमंत्र्यांच्या पानावर जाईल.

त्या पानांवर काय चालतं ते मी २३ नोव्हेंबर २०१९ च्या शनिवारी जवळून पाहिलं. लोकांचा सकाळचा चहा व्हायच्या आत राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झाले होते. २६ तारखेला दोघांचे राजीनामे आले आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला. या दिवसांत विकिपीडियावर ‘विश्वासघात’, ‘मास्टरस्ट्रोक’, ‘पाठीत खंजीर’, ‘महाभूकंप’ असे शब्द येत होते, पुसले जात होते, पुन्हा येत होते. पुसणाऱ्यांत मी होते. रात्री जेवण आटोपून पानाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा दिसलं, की दिवसभरात इतरांनी लिहिलेलं आणि मी परतवलेलं यांतून पुढच्या वर्षी टिकेल अशी एकच ओळ निघत होती: अमक्या तारखेला यांनी शपथ घेतली.

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं असतं, घाई वर्तमानपत्राने करावी. कोशातलं पान दोन दिवस शिळं राहिलं तर कुणाचं बिघडत नाही. मतमोजणीच्या सकाळी तर हात खिशातच ठेवावेत. टीव्हीवर ‘आघाडीवर’ दिसलेल्या उमेदवाराला उत्साही संपादक अकरा वाजताच ‘आमदार’ करून टाकतात, मग फेऱ्या फिरतात आणि ‘माजी आमदार’ पुन्हा आजी होतात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल जाहीर केला, की मग लिहा.

पक्षफुटीच्या पानांवर मात्र नुसतं थांबून भागत नाही, कारण तिथला वाद दोन दिवसांत विझत नाही. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेलं. दोन्ही निर्णयांना न्यायालयात आव्हान दिलं गेलं. आता ‘खरी शिवसेना शिंदे यांची’ हे वाक्य कोशाच्या तोंडी घालता येत नाही, आणि ‘चोरलेली शिवसेना’ हेही नाही. कुणी निर्णय दिला, कधी दिला, कुणी आव्हान दिलं, एवढं लिहिता येतं, आणि खरं तर वाचकाला तेवढंच हवं असतं. १९६६ पासूनच्या अखंड शिवसेनेचा इतिहास कोणत्या पानावर ठेवायचा, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. त्याचं उत्तर एकट्याने ठरवून मजकूर इकडचा तिकडे हलवू नये. त्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर जावं, आणि नवं काही लिहिण्याआधी तिथलं जुनं सगळं वाचावं. तुम्हाला काल सुचलेला मुद्दा तिथे आधीच कुणीतरी मांडून, हरून, घरी गेलेलं असतं.

गावांच्या नावांचं तसंच. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं अधिकृत झाली, आणि लगेच काहींनी सगळीकडे जुनं खोडून नवं घालण्याचा धडाका लावला. पण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आयोगाच्या कागदावर मतदारसंघ ‘औरंगाबाद पूर्व’ आणि ‘उस्मानाबाद’च होते. शहराचं नाव बदललं म्हणून मतदारसंघाचं आपोआप बदलत नाही, हे राजकारणातल्या जाणत्यांनीच तिथे सांगायला हवं.

पक्षपात कुठे शिरतो याबद्दल नव्यांचा एक ठाम समज असतो: मी खोटं लिहीत नाही, म्हणजे मी तटस्थ. मी पाहिलेले सगळ्यांत एकांगी संपादक एकही खोटं वाक्य लिहीत नव्हते. एकाच पक्षाच्या नेत्यांच्या पानांवर ते ‘वाद’ नावाचा विभाग उघडायचे आणि प्रत्येक वाक्याला नीट संदर्भ द्यायचे. तीस वर्षांच्या कारकिर्दीला दोन परिच्छेद आणि एका भाषणातल्या घसरलेल्या शब्दाला चार. दुसऱ्या बाजूचे लोक नेत्याने उद्घाटन केलेल्या पाणपोया मोजत बसायचे. तेही खरंच असायचं. हे स्वतःच्या बाबतीत पकडायचा एक उपाय आहे. प्रत्येक सदस्याच्या ‘योगदान’ या दुव्यावर त्याने केलेली सगळी संपादनं ओळीने दिसतात. महिन्यातून एकदा आपली यादी परक्याची समजून वाचावी. कोणत्या पक्षाच्या पानांवर आपण भर घालतो आणि कोणत्या पानांवर फक्त कात्री घेऊन जातो, ते दिसायला पाच मिनिटं पुरतात. मला दर वेळी ते वाचून आनंद होतो असं नाही.

जिवंत माणसांच्या पानांवर खटल्यांचा मजकूर हा सगळ्यांत नाजूक भाग. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र जाणं, दोषी ठरणं, वरच्या न्यायालयात सुटणं, या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि बातमीच्या मथळ्यात त्या एकमेकींत कालवलेल्या असतात. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात खटल्यांची कलमवार माहिती असते खरी, पण तेवढ्यावरून विभाग रचू नये. त्याबद्दल भरवशाच्या वृत्तपत्राने लिहिलं असेल तर त्याच्या आधाराने लिहावं. आणि निकाल लागला की तोही लिहावा. आरोपाची ओळ टाकणारे पुष्कळ असतात, सुटकेची ओळ टाकायला परत येणारे थोडे.

अशाच एका पानावरून मला फोन आला होता. माझं सदस्यनाव तेव्हा माझंच नाव होतं, त्यामुळे शोधायला त्रास पडला नसावा. पलीकडून अगदी अदबीने बोलणं झालं. “ताई, साहेबांच्या पानावर ते केसचं तेवढं काढून टाका ना. निवडणूक आलीये.” मी म्हटलं, संदर्भ चुकीचा असेल तर चर्चा पानावर लिहा. “ते आम्हाला जमत नाही हो. तुम्ही बँकेत असता ना, तिथेच येऊन भेटतो.” कुणी आलं नाही. पण पुढचे काही दिवस काउंटरपुढची रांग मी वेगळ्या नजरेने पाहत होते.

सदस्यनाव मग मी बदलून घेतलं, तसं ते घेता येतं. तुम्ही सुरुवातच टोपणनावाने करा, आणि ते नाव इतर कुठल्याही खात्यावर वापरू नका. लॉगिन न करता केलेल्या जुन्या संपादनांपुढे आयपी पत्ता आजही कुणालाही दिसतो. टोपणनाव म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हेही समजून असा. एएनआय या वृत्तसंस्थेने स्वतःबद्दलच्या पानावरून २०२४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर दावा लावला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने संबंधित पानाच्या संपादकांची माहिती मागितली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या मजकुरावरून राज्याच्या महाराष्ट्र सायबर या यंत्रणेने विकिपीडियाला नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण, अटींसह, संकेतस्थळाला आहे, लिहिणाऱ्याला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. हे घाबरवायला सांगत नाही. आक्षेप घेतला जाऊ शकेल अशी एकही ओळ संदर्भाशिवाय टाकायची नाही हा नियम विकिपीडियाचा आहेच, तो तुमच्याही सोयीचा आहे.

संदर्भ मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा. नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीतला लेख ही बहुधा जाहिरात असते. मुखपत्रातून पक्षाची भूमिका घ्यावी, विरोधकाबद्दलची माहिती घेऊ नये. एका माजी आमदारांच्या पानावर कुणीतरी जन्मसाल विनासंदर्भ टाकलं होतं. ते वारले तेव्हा बातम्यांमध्ये तेच साल छापून आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बातम्या पानावर संदर्भ म्हणून लागल्या. विधानमंडळ सचिवालयाच्या सदस्य-परिचयाच्या जुन्या पुस्तकात साल वेगळं होतं. ते दुरुस्त करायला मला छापून आलेल्या बातम्यांशीच वाद घालावा लागला.

पैशाचाही विषय निघतो. महापालिकेच्या निवडणुका आल्या, की इच्छुकांचं समाजमाध्यम सांभाळणारी मुलं ‘पान बनवून द्या’ म्हणून विचारतात. आमदार-खासदारांना पदामुळे सहसा पान मिळतं, नगरसेवकाला केवळ पदावरून मिळत नाही. पैसे घेऊन लिहिलंत तर ते जाहीर करणं २०१४ पासून विकिमीडियाच्या वापर-अटींतच आहे. इच्छुकांना हे सांगितलं की बहुतेक फोन तिथेच थांबतात.

मग राजकारणाची आवड असलेल्याने करायचं काय? मतदारसंघांची पानं नीट लावावीत. कराड लोकसभा मतदारसंघ घ्या. आनंदराव चव्हाण, प्रेमलाताई चव्हाण आणि पृथ्वीराज चव्हाण या एकाच घरातल्या तिघांना संसदेत पाठवणारा हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. इचलकरंजीही गेला आणि हातकणंगले आला. पुनर्रचनेआधीचे निकाल नव्या मतदारसंघाखाली चिकटवण्याचा घोळ अशाच ठिकाणी होतो, आणि तो फक्त निकाल पाठ असलेल्यालाच दिसतो. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत. १९६२ पासूनचे निकाल आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत उमेदवारनिहाय मतांसकट फुकट मिळतात. एक मतदारसंघ नीट लावायला साधारण एक संध्याकाळ लागते, आणि आपल्या स्वतःच्या तालुक्यापासून सुरुवात केली तर थोडी कमी.