‘अँटी-एचसीव्ही’ रिपोर्ट हातात आल्यावर

आधी घोटभर पाणी पी आणि जरा शांत बस. रक्तदान केलंस, मग रक्तपेढीतून बोलावणं आलं आणि हातात कागद पडला: ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’. तेव्हापासून रात्र रात्र मोबाइलवर यकृताच्या कर्करोगाचं वाचत बसली असशील. आता तो मोबाइल बाजूला ठेव गं. पोराला जवळ घेऊ की नको, सासूबाईंना काय सांगू, हे सगळं आपण एकेक करून बघू.

खरं सांगू का, तुला आज आजार आहे की नाही, हे त्या कागदावरून ठरतच नाही. ती तपासणी हेपॅटायटिस सी चा विषाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. म्हणजे विषाणू कधीतरी आत आला असावा, एवढंच त्यावरून कळतं. तो अजून आहे की शरीराने घालवला, हे सांगणारी तपासणी वेगळी, आरएनए पीसीआरची. क्वचित पहिली तपासणी चुकूनही पॉझिटिव्ह येते. म्हणून दुसऱ्या तपासणीशिवाय रडायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

आता शरीरात काय घडतं ते समजून घे, म्हणजे पुढचे निर्णय तुझे तुला घेता येतील. हा विषाणू रक्तातून येतो आणि यकृताच्या पेशींत शिरतो. कुठल्याही विषाणूची चाहूल लागली की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. हा विषाणू लबाड आहे बघ. आत निरोप पोचवणारं जे प्रथिन असतं, तेच तो आपल्या एका एन्झाइमने कापून टाकतो. संसर्ग झालेल्या पेशीचा आवाज तिथेच दबतो आणि विषाणू भराभर वाढत राहतो.

संसर्ग झालेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या टी-पेशी यकृतात पोचायला महिना-दोन महिने जातात. अँटीबॉडी साधारण दोन-तीन महिन्यांनी रक्तात दिसायला लागतात. तोवर विषाणूने बाहेरचं आवरण कितीतरी वेळा बदललेलं असतं. चोराच्या सदऱ्याचा रंग लिहून घेऊन उपयोग काय, तो सदरा बदलून मोकळा! विषाणूला अडवू शकणाऱ्या अँटीबॉडी बनतातही, पण त्यातल्या बऱ्याचशा जुन्या आवरणासाठी बनलेल्या असतात.

तरीही शरीर अगदीच हतबल नसतं हं. साधारण दहातल्या तीन जणांत ते सहा महिन्यांच्या आत, औषधाविना, विषाणू पूर्ण घालवतं. ज्यांच्या टी-पेशी विषाणूच्या एकाच नव्हे तर अनेक भागांवर जोराने आणि टिकून मारा करतात, त्यांना हे जमतं. पुरुषांपेक्षा बायकांना थोडं अधिक जमतं. 2009 मध्ये असंही दिसलं, की इंटरफेरॉनच्या एका जनुकाजवळचा छोटासा फरक कुणाचं शरीर जिंकेल यावर परिणाम करतो. म्हणजे विषाणू टिकला, तर ‘मी नीट खाल्लं नाही, माझंच शरीर कमजोर’ असं स्वतःला लावून घेऊ नकोस. जन्मतः मिळालेल्या गोष्टींना तू काय करणार?

बाकीच्यांत विषाणू ठाण मांडतो. त्याच्याशी रोज लढून टी-पेशी थकतात, त्यांची धार जाते. आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट ऐक: यकृताचं नुकसान विषाणूपेक्षा या रेंगाळलेल्या लढाईमुळेच जास्त होतं. पेशी मरतात, सूज राहते, त्या जागी व्रण धरतात. असा संसर्ग राहिलेल्यांपैकी 15 ते 30 टक्के लोकांना वीसेक वर्षांत सिऱ्होसिस होतो, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होतं. बहुतेकांना सुरुवातीला ना कावीळ होते, ना ताप येतो. म्हणून ‘मला तर काहीच होत नाही’ यावर विसंबू नकोस.

आता शेजारच्या काकू सांगतील, ‘प्रतिकारशक्ती वाढव, गुळवेलीचा काढा घे.’ काकूंची माया खरी, पण काढा नको. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. कुणी काविळीची माळ घालायला सांगेल, कुणी हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवेल. या विषाणूला त्याने काडीचाही फरक पडत नाही. दारू कधी घेत असशील, तर ती मात्र बंद.

काविळीतही फरक असतो बघ. दूषित पाण्यातून येते ती हेपॅटायटिस ए आणि ई ची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या 1955-56 च्या मोठ्या साथीतले रक्ताचे जुने नमुने तपासले आणि 1980 मध्ये सांगितलं, की ती साथ ए ची नव्हती आणि बी चीही नव्हती. ती पाण्यातली ई निघाली. रक्तातून येणारा सी सापडला 1989 मध्ये, आणि त्या कामासाठी 2020 चं नोबेल मिळालं. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये हेपॅटायटिस बी ची लस बनते. सी ची लस मात्र जगात कुठेच नाही, कारण सतत रूप बदलणाऱ्या या विषाणूला पक्कं ओळखणं शरीराला शिकवायचं कसं, हाच पेच आहे.

पण औषध आहे गं, आणि फार चांगलं आहे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभरसुद्धा घ्यावी लागत, ताप आणि उदासी छळत असे. आता सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीला डाक्लाटास्व्हिर किंवा वेल्पाटास्व्हिर, बहुतेकांना रोज गोळ्या, बारा आठवडे. 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. हडपसरच्या गाडीतळावरून पुणे स्टेशनची बस धर आणि ससून रुग्णालयात चौकशी कर. गोळ्या सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बी ची तपासणी करायला सांग, कारण सी जाताना लपलेला बी डोकं वर काढू शकतो. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांग, उपचार बहुधा बाळंतपणानंतर करतात. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासायचा. तो सापडला नाही, की बरी झालीस.

घरातलं सांगते. ताट-वाटी वेगळी काढू नकोस, स्वयंपाक कर, पोराला पोटाशी धर, पापा घे. यातून हा पसरत नाही. अंगावर पाजत असशील तर पाजत राहा, फक्त स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढ्यापुरतं थांब. ब्लेड, नेलकटर, दात घासायचा ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा. इंजेक्शनची सुई नवी आहे ना, हे दवाखान्यात बिनधास्त विचार. कुणी भुवया उंचावल्या तर उंचावू दे.

आणि एक कायमचं लक्षात ठेव. बरी झाल्यावरही अँटीबॉडीची तपासणी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येत राहील, त्याने घाबरायचं नाही. पण त्या अँटीबॉडी तुला पुन्हा होणाऱ्या संसर्गापासून वाचवणारही नाहीत. पुढे कधी शंका आली तर आरएनएच तपासायचा.

तू घर, नोकरी, पोराची शाळा सगळं सांभाळतेस. हे एक काम त्यात बसेल. या आठवड्यात आरएनएची तपासणी करून घे, आणि रिपोर्ट आला की आधी डॉक्टरांना दाखव, मग मला फोन कर.