सुरक्षितता पाटीवर नको, सवयीत हवी

खांदा कॉलनीतून सकाळी निघालेला कामगार कळंबोलीच्या लोखंड बाजारात जातो, तळोजा किंवा पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत जातो. त्यांत आपले वेल्डर, फिटर, भंगार व ड्रमचे व्यापारी आणि मजूर पुरविणारे लहान ठेकेदारही आहेत. कारखान्याच्या फाटकावर 'सुरक्षितता प्रथम' अशी पाटी असते. पण पाटी म्हणजे सुरक्षितता नव्हे. मालक समोर नसतानाही कामगार ज्या पद्धतीने काम करतो, ती खरी सुरक्षितता.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, नागोठण्याच्या आयपीसीएल प्रकल्पात 5 नोव्हेंबर 1990 रोजी वायूगळतीनंतर स्फोट झाला व तीसहून अधिक माणसे दगावली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी झालेल्या स्फोटाने बारा जणांचे प्राण घेतले आणि आसपासच्या घरांच्या काचा फोडल्या. मोठ्या कारखान्याचे जे होते, तेच लहान वर्कशॉपचेही होऊ शकते. फरक इतकाच की त्याची बातमी होत नाही. एक घर मात्र उघड्यावर पडते.

मोठा अपघात सहसा अचानक येत नाही. अमेरिकेतील विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी 1931 साली मांडले की एका गंभीर दुखापतीमागे 29 किरकोळ दुखापती आणि इजा न होता टळलेले 300 प्रसंग असतात. या आकड्यांवर पुढे वाद झाला, पण धडा कायम आहे. हातातून पाना निसटला, कोणाला लागले नाही, म्हणून आपण हसून सोडून देतो. तोच प्रसंग वहीत लिहावा. कधी, कुठे, कशामुळे, एवढ्या तीन ओळी पुरेत. शनिवारी पगार वाटताना ती वही दहा मिनिटे सर्वांसमोर वाचावी आणि उपाय कारागिरांनाच विचारावा.

येथे एक पथ्य पाळावे. चूक सांगणाऱ्याचा पगार कापू नये. एकदा कापला की पुढे कोणी तोंड उघडणार नाही आणि धोका झाकलेलाच राहील.

काही कामांत तर तडजोड नकोच. थिनर किंवा सॉल्व्हंटचा रिकामा ड्रम भरलेल्या ड्रमपेक्षा घातक ठरू शकतो, कारण आत उरलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक होते. जाणकाराने साफ करून आतली हवा तपासल्याशिवाय त्याला टॉर्च लावू नये. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. सिलिंडर उभे ठेवून साखळीने बांधावेत. ग्राइंडरचे गार्ड काढू नये. यंत्र दुरुस्त करताना मेन स्विचला कुलूप लावावे आणि चावी दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात असावी. टाकीत उतरण्यापूर्वी आतल्या हवेची तपासणी व्हावी, बाहेर एक माणूस उभा असावा. आत पडलेल्याला वाचविण्यासाठी दुसरा तसाच उतरतो आणि एकाऐवजी दोन जीव जातात.

आमचे कित्येक व्यापारी बंधू म्हणतात, 'एवढा खर्च कुठून आणायचा?' अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे पॉल ओनील यांनी 1987 साली घेतली. गुंतवणूकदारांसमोर ते नफ्याआधी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. ऐकणारे चक्रावले. पण पुढील वर्षांत अपघात घटले आणि नफाही वाढला. कारण सोपे आहे. अपघात जिथे होतो, तिथे काम ढिले असते, आणि ढिल्या कामात मालही वाया जातो.

सुरुवात मालकापासून व्हावी. मालक स्वतः चष्मा न लावता ग्राइंडरजवळ गेला, तर शागीर्द तेच शिकतो. घाईची ऑर्डर असली तरी 'हे काम असे करणार नाही' म्हणणाऱ्या कारागिराला मालकाने पाठिंबा द्यावा. ठेकेदारांनी कामगारांची ईएसआय नोंदणी व नुकसानभरपाईचा विमा टाळू नये. शिकायचे असेल तर राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे कार्यालय आपल्या जवळच, सीबीडी बेलापूरला आहे. परिषद 4 मार्च 1966 रोजी स्थापन झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो.

मात्र 4 मार्चची वाट कशाला पाहायची? या शनिवारी दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही आणा. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी दोन्ही हात, दोन्ही डोळे घेऊन खांदा कॉलनीत परतला, तर तो दिवस फायद्याचा समजावा.