थंड बॉयलर

पलसाण्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये मी बॉयलरवर एकतीस वर्षं काढली. नात म्हणते, "आबा, तुम्हाला कुठलीही गोष्ट विचारली की तुम्ही बॉयलरवरच येता." येतो. दुसरं काही नीट माहीत नाही.

तिची बारावी २०२० ची. पेपर संपले न संपले तोच लॉकडाऊन लागलं. कॉलेजचं पहिलं वर्ष मोबाइलवर गेलं. फेब्रुवारीत जरा वर्ग भरले, तर मार्चात पुन्हा कुलूप. जुलै २०२१ मध्ये अर्ध्या हजेरीनं कॉलेजं उघडली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगी उड्या मारत सुरतेला जाईल. तिनं आदल्या रात्री दप्तर भरलं, सकाळी उठून रिकामं केलं. पोट दुखतंय म्हणाली. तिच्या आईला ते नाटक वाटलं. मला नाही वाटलं, कारण तसंच पोट माझंही एकदा दुखलं होतं.

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग आला. लोक टेट्रासायक्लिनच्या गोळ्या शोधत होते आणि मिळेल त्या गाडीनं गाव गाठत होते. आम्हीही अमळनेरला पळालो. परत आलो तेव्हा मिल तीच, माणसं तीच, पण कुणी खोकलं की मी दाराकडे बघायचो. बॉयलरखान्यात पाय टाकवेना. आमचा जुना फायरमन काही बोलला नाही. आठ दिवस मला बाहेर कोळशाच्या ढिगावर बसवलं, चहा तिथंच पाठवला. नवव्या दिवशी म्हणाला, "बंद पडलेला बॉयलर एका दमात पेटवतोस का?"

नाही पेटवत. घाईनं आग वाढवली तर भट्टीच्या विटा तडकतात, नळ्यांची तोंडं गळायला लागतात. लोखंड सगळीकडे सारखं फुगत नाही. आग बारीक ठेवायची. वरचा व्हेंट उघडा ठेवायचा, अडकलेली हवा निघून जाऊ द्यायची. वाफ दिसली की मग तो बंद. तोवर मास्तर डोक्यावर उभा राहून ओरडला तरी प्रेशर चढवायचं नाही.

नातीला तेच सांगितलं. पहिल्या दिवशी कडोदऱ्यापर्यंत जा, चार रस्त्यावर उसाचा रस पी, घरी ये. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकापर्यंत. मग दोन तास बस. पूर्ण दिवस नंतर. तिची आई म्हणाली, "अशानं हजेरी बुडेल." बुडू दे म्हटलं, पोरगी बुडण्यापेक्षा बरं. जाणं मात्र रोज झालं पाहिजे, अर्धा तास का होईना. घरी बसून भीती कमी होत नाही, ती वाढते.

झोपेचं मला पाळीनं शिकवलं. दीड वर्ष नातीच्या वयाची पोरं रात्री दोनला झोपायची, अकराला उठायची. म्हणजे सगळी रातपाळीवालीच. रातपाळीवरून दिवसपाळीला येताना 'आज दहाला झोपतो' असं ठरवून कधीच जमत नाही. उठण्याची वेळ धरायची. सहा म्हणजे सहा, रात्री डोळा लागला असो-नसो. उठल्यावर गच्चीवर उन्हात उभं राहायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत रात्र आपोआप जागेवर येते.

हाताचं कुणी बोलत नाही. तीन तास बॉलपेन धरायची सवयच गेली होती. त्यात २०२१ ची बारावी मास प्रमोशनवाली, बोर्डाचा पेपर न देताच कॉलेजात आली. त्यांना परीक्षेच्या हॉलचाच धसका. त्यांना म्हणायचो, घड्याळ लावून घरी लिहा. काहीही लिहा, जुना पेपर लिहा. हात भरून आला की अर्धी भीती हातातच राहते.

आणि वर्गात ज्याच्या घरचं माणूस गेलंय, त्याला 'कसं झालं रे?' विचारू नका. एप्रिल २०२१ मध्ये सुरतेच्या स्मशानांतल्या भट्ट्या रात्रंदिवस चालल्या. भट्टी थंड न होता चालते म्हणजे काय, ते मी जाणतो. त्यावर मला अजून बोलवत नाही. त्याच्या शेजारी बसा. वही द्या. डबा उघडा. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल, तो त्याचा व्हेंट आहे. तुम्ही पाना घेऊन जाऊ नका.

एका गोष्टीत मात्र माझा शहाणपणा चालत नाही. दोन आठवडे झोप, जेवण, अंघोळ सगळंच सुटलं, किंवा 'मी नसलो तर बरं' असं तोंडून एकदा जरी निघालं, तर कोळशाच्या ढिगावर बसवून भागत नाही. एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. सुरतेला नव्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारचा टेली-मानस फोन आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात. खानदेशात अजून काही जण आधी भगताकडे नेतात. न्या बापड्यांनो, पण गाडी डॉक्टरकडून वळवून न्या.

नातीला पूर्ण दिवस बसायला तीन आठवडे लागले. मग एका संध्याकाळी साडेसहा झाले तरी एसटीतून उतरेना. फोन केला तर मागं पोरींचा कालवा. "आबा, उशीर होईल, आम्ही लोचो खातोय." तिच्या आईनं घड्याळ बघितलं. मी तिची भाकरी झाकून ठेवली.